ब्लॉग आणि ट्विटर : दोन दगडांवर पाय ठेवून दोन वर्षं

शिळाप्रेमी | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे रोमातच (नुसती वाचत, न लिहिता) असते. आज लिहायला बसले कारण परवा मराठी भाषा गौरव दिन झाला, माझ्या ब्लॉगवर वर्षातली सगळ्यात मोठी जत्रा भरली आणि उठलीसुद्धा. मागे माझ्या खरडवहीत (इथल्या निरोपांच्या पानावर) दोघांनी विचारलं होतं की ब्लॉगला वाचक येतात कुठून, आणि ट्विटरवर (एक्स म्हणवत नाही, माफ करा) वेळ घालवण्यात काही राम आहे का. व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) तेच तेच लिहिण्यापेक्षा धागाच काढते.

आधी माझं दुकान कसलं ते सांगते. वीरगळ (लढताना पडलेल्या वीराच्या स्मृतीचा दगड), सतीशिळा, गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड), शिलालेख. सुट्टीच्या दिवशी स्कूटी काढायची, देवळामागे, पाराखाली, कुणाच्या गोठ्याच्या भिंतीत बसवलेला दगड शोधायचा, फोटो काढायचे, रात्री लिहायचं. २०१६ पासून ब्लॉगस्पॉटवर आहे. पहिली सात वर्षं माझे वाचक म्हणजे मी, माझी बहीण आणि कुठकुठले बॉट (आपोआप पानं चाळणारी यंत्रं). आकडा चारशेवर गेला की मी हरखायचे. मग बाइटरावांनी इथल्याच एका धाग्यावर सांगितलं की ताई, ती माणसं नाहीत. वाईट वाटलं, पण खोटं नव्हतं.

२०२३ मध्ये ट्विटरवर आले आणि पहिलं वर्ष सगळे करतात तेच केलं. लेख लिहायचा, 'नवीन लेख, नक्की वाचा' म्हणून दुवा डकवायचा, हात जोडल्याचं चित्र टाकायचं आणि पसार व्हायचं. दारातून हाक मारून आपणच मागच्या दाराने निघून गेलो तर पाहुणा आत येणार कसा? कुणी आलं नाही.

मग २०२४ च्या २७ फेब्रुवारीला माझी चूक झाली आणि ती पथ्यावर पडली. सकाळी चहा पिता पिता ट्विट टाकलं : मराठीतला पहिला शिलालेख श्रवणबेळगोळचा, गोमटेश्वराच्या पायाशी, 'श्रीचावुंडराजें करवियलें', शके ९०५. शाळेत शिकलो तेच की. ऑफिसात पोचेपर्यंत फोन तापला होता. सोलापूरचे एक गृहस्थ : 'ताई, आमच्या कुडलला विसरलात?' अलिबागचा एक मुलगा नुसताच ओरडत होता : 'आक्षी! आक्षी! आक्षी!' एका प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं की श्रवणबेळगोळचा तो लेख त्याच साली कोरला कशावरून, तो बराच नंतरचाही असू शकेल. दोनचार जणांनी माझी अक्कल काढली, ते असायचंच.

त्या रात्री मी ब्लॉगवर तिन्ही दावेदारांचा लेख लिहिला. श्रवणबेळगोळ, शके ९०५ म्हणजे इ. स. ९८३, पण कोरण्याच्या काळाबद्दल वाद. अलिबागजवळचं आक्षी, शके ९३४ म्हणजे १०१२, पण तिथे शकाच्या वाचनावरच मतभेद. सोलापूर जिल्ह्यातलं हत्तरसंग कुडल, संगमेश्वराचं देऊळ, शके ९४० म्हणजे १०१८, तिथली ती सुंदर ओळ, 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. (हजार वर्षांपूर्वीही लिहिणाऱ्याला वाचकाला लाडीगोडी लावावी लागत होती बघा.) आणि मग ज्यांनी ज्यांनी सकाळी टोकलं होतं त्या प्रत्येकाला त्याच्याच ट्विटखाली लिहिलं, 'तुमचा मुद्दा लेखात घेतलाय, चुकलं असेल तर सांगा.'

ते सगळे आले! आपला आक्षेप छापून आलाय का हे बघायला माणूस येतोच. वाचून झाल्यावर त्यांनी आपापल्या लोकांना दाखवला. सोलापूरकरांनी तर फोनवरून दोन दुरुस्त्या सांगितल्या.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी ट्विट, मग लेख. दगड दिसला की त्याच संध्याकाळी फोटो आणि दोन ओळी टाकते, शंका असेल तर शंकेसकट. आठवडाभर लोक भर घालतात, भांडतात, 'आमच्या गावातही असाच आहे' म्हणून फोटो धाडतात. मग बैजवार लेख लिहिते. यंदा तर २७ तारखेला मी ट्विट करायच्या आधीच सकाळी सहापासून लोक ब्लॉगवर येत होते, गूगलवरून. गेल्या वर्षीचं ट्विट कुणालाच आठवत नव्हतं, लेख मात्र जागेवर होता.

आता माझ्या दोन अडचणी. एक, दुवा असलेलं ट्विट कुणाला दिसतच नाही असं वाटतं. दोन, कायप्पावर (व्हॉट्सॅपवर) माझेच लेख माझं नाव गाळून मला येतात. तुमचे अनुभव लिहा.

*

उंटावरचा शहाणा | शनिवार, रात्री १०.०५

मी पयला!

लेख आवडला, पण ताई, ही सगळी वेठबिगारी कुणासाठी? लेख तुमचा, दगड तुमचे, पेट्रोल तुमचं आणि गर्दी जमवून द्यायची त्या अमेरिकेतल्या शेठला. दिवसातून किती वेळा फोन बघता? तेवढ्या वेळात आणखी एक लेख झाला असता. आमच्या वेळी माणूस लिहायचा आणि ज्याला वाचायचंय तो शोधत यायचा.

*

अडगळीतला ब्लॉगर | शनिवार, रात्री ११.२०

शहाणे साहेब, 'आमच्या वेळी' मीही होतो, आणि शोधत कुणी येत नव्हतं. आपल्याला आणून सोडणारी गाडी होती, एवढंच. ती गाडी बंद पडली ते तुम्ही विसरताय.

२००७ मध्ये मी ब्लॉग काढला. तेव्हा 'मराठी ब्लॉग विश्व' नावाचं एक पान होतं, सगळ्या मराठी ब्लॉगांवरचं नवीन लिखाण तिथे एका खाली एक दिसायचं. सकाळी ऑफिसात पहिलं काम म्हणजे ते उघडणं. स्टार माझा वाहिनीची 'ब्लॉग माझा' स्पर्धा असायची, तिच्यात नाव आलं की महिनाभर कॉलर ताठ. शिवाय गूगल रीडर होतं. शे-दीडशे माणसांनी रीडरमध्ये आपल्याला धरून ठेवलेलं असायचं, लेख टाकला की थेट त्यांच्या ताटात पडायचा.

१ जुलै २०१३ ला गूगलने रीडर बंद केलं. त्या दिवशी माझा अर्धा वाचकवर्ग गेला, आणि गेले कोण हे मला आजतागायत माहीत नाही, कारण त्यांची नावं माझ्याकडे कधी नव्हतीच.

मी म्हटलं ठीक आहे, ईमेल आहे. फीडबर्नर लावलं होतं, 'नवीन लेख ईमेलने मिळवा' अशी खिडकी उजव्या कोपऱ्यात. तेही गूगलचंच. जुलै २०२१ मध्ये त्यांनी ईमेलची सोय काढून टाकली. तेव्हा मात्र शहाणा झालो होतो, आधीच यादी उतरवून घेतली. मधल्या काळात ऑर्कुट गेलं (२०१४), गूगल प्लस गेलं (२०१९). तिथेही आपली मंडळं होती, चर्चा होत्या.

आणि मग कू! आठवतंय का, पिवळा पक्षी? २०२० मध्ये आला, आपल्या भाषांमधलं ट्विटर म्हणून गाजावाजा. मराठीत लिहिणाऱ्याला तिथे खरंच भाव होता, ट्विटरवर जमले नसते इतके लोक मला तिथे चार महिन्यांत मिळाले. मी ब्लॉग जवळजवळ सोडून दिला, सगळं तिथेच. जुलै २०२४ मध्ये दुकान बंद. तिथे लिहिलेले छोटे छोटे तुकडे, शेतीतल्या जुन्या शब्दांबद्दलचे, मी कुठेही उतरवून ठेवले नव्हते. औताचे भाग, मोटेचे भाग, बैलांच्या रंगांची नावं. वडिलांना विचारून लिहिले होते. वडील आता नाहीत.

म्हणून शिळाप्रेमी ताईंचा क्रम मला पटतो, पण त्यात एक भर : ट्विट ब्लॉगवर परत येऊन पडलंच पाहिजे. महिन्यातून एकदा, कितीही कंटाळा आला तरी, सगळे तुकडे गोळा करून 'महिन्याची फुटकळ' अशी एक नोंद टाका. वाचणार कुणी नाही. पण ती राहील.

*

रोममधला | रविवार, सकाळी ७.१५

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). अडगळीतले काका, मोटेचे भाग पुन्हा लिहा ना. माझ्या आजोबांना विचारून मी भर घालतो.

*

बाइटराव | रविवार, सकाळी ११.३०

माझं नाव निघालंच आहे तर तांत्रिक बाजू मांडतो.

एक गंमत आधी. १९९९ मध्ये ब्लॉगर काढलेल्या मंडळींपैकी एक इव्हान विल्यम्स. २००३ मध्ये गूगलने ब्लॉगर विकत घेतलं. २००६ मध्ये ट्विटर निघालं, त्याच्या संस्थापकांतही हाच माणूस. आणि २०१२ मध्ये त्यानेच मीडियम काढलं, म्हणजे परत लांब लिखाणाकडे. आधी लांब, मग छोटं, मग पुन्हा लांब. तेव्हा आपण गोंधळलो तर आपली चूक नाही.

आता दुव्याबद्दल. ताई, तुम्हाला वाटतं ते खरं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मस्कने स्वतःच सांगितलं की मुख्य पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि दुवा खाली उत्तरात द्या. कारण उघड आहे, माणूस बाहेर गेला की त्यांची जाहिरात कोण बघणार? त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये दुव्यासोबत येणारं शीर्षकच त्यांनी काढून टाकलं होतं, नुसतं चित्र दिसायचं. नंतर ते चित्रावर बारीक अक्षरांत परत आलं. तेव्हा दुवा दुसऱ्या ट्विटमध्ये टाका, आणि पहिलं ट्विट असं लिहा की त्यात स्वतःत काहीतरी असेल. 'सविस्तर वाचा ब्लॉगवर' हे वाक्य पहिल्या ट्विटमध्ये दिसलं की मी तरी पुढे सरकतो.

दुसरं, देवनागरीचा हिशोब. २८० अक्षरं म्हणतात ती आपली अक्षरं नव्हेत. प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, पायमोडका हलन्त वेगळा मोजला जातो. 'श्रवणबेळगोळ' डोळ्यांना सात अक्षरं दिसतात, यंत्राला अकरा. 'राष्ट्र' दोन, तिथे सात. 'स्त्री' एक, तिथे सहा. २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत मर्यादा १४० होती तेव्हा मराठी माणूस अक्षरशः मात्रा वाचवत लिहायचा. (ती १४० आली एसेमेसच्या १६० वरून. देवनागरी एसेमेस तर ७० लाच संपायचा. म्हणजे आपल्याला कायमच अर्धं ताट.) दुवा मात्र कितीही लांब असो, २३ च धरतात.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पण कुणी करत नाही. ब्लॉगस्पॉटवर शीर्षक पूर्ण देवनागरीत दिलंत तर पत्ता बनतो 'ब्लॉग-पोस्ट_२७' असला काहीतरी. वाचकाला काही कळत नाही, शोधयंत्रालाही त्या पत्त्यावरून काही सुगावा लागत नाही. प्रकाशित करण्याआधी उजवीकडे 'पर्मालिंक' मध्ये जाऊन रोमन लिपीत स्वतःचा पत्ता लिहा, चारपाच शब्दांचा. एकदा प्रकाशित झालं की तो बदलायला जाऊ नका, जुने दुवे मरतात. वर्डप्रेसवाल्यांचं उलटं दुखणं. तिथे देवनागरी पत्ता होतो, पण कायप्पावर डकवला की प्रत्येक अक्षराची नऊ चिन्हं होऊन टक्क्यांची माळच्या माळ येते. बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आहे. तिथेही रोमन पत्ता द्या.

आपोआप ट्विट टाकणारी यंत्रं लावू नका. वर्डप्रेसची ती सोय २०२३ मध्ये ट्विटरने पैसे मागितल्यावर बंदच झाली, आणि मला विचाराल तर बरं झालं.

*

सिन्नरकर | रविवार, दुपारी १.५०

बाइटराव, +१. पत्त्याचं आजच करतो.

पण ताई, मूळ मुद्द्यावर थोडा असहमत आहे. तुम्ही ट्विटमालिकेत सगळंच सांगून टाकता! मी तुम्हाला फॉलो करतो, तुमची मालिका वाचतो, मला सगळं कळतं, मी ब्लॉगवर कशाला जाऊ? मी आमच्या गोंदेश्वराच्या देवळावर अशीच बारा ट्विटची मालिका केली होती. पंचायतन म्हणजे काय, मधलं मुख्य शिवमंदिर, चार कोपऱ्यांतली छोटी चार, सगळे फोटो. हजारो लोकांनी पाहिली. ब्लॉगवर त्या दिवशी अकरा जण आले. त्यात एक मी.

*

शिळाप्रेमी | रविवार, दुपारी ३.३०

सिन्नरकर, अकरातला एक तुम्ही हे वाचून हसले, कारण माझ्याकडे दोन मी असायच्या, घरून एकदा आणि ऑफिसातून एकदा.

तुमचा प्रश्न रास्त आहे. पण लपवून ठेवायचं आणि 'पुढे काय झालं ते ब्लॉगवर' म्हणायचं हे मला जमत नाही, आणि वाचकही चिडतो. मी काय करते ते वीरगळाच्या उदाहरणाने सांगते.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर पडलेला, बरेचदा शेजारी गाई, म्हणजे गोधन राखताना गेला. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. चार चौकटी, चार ट्विट. मालिका त्या दगडाच्या आकाराचीच होते, तिला ब्लॉगची गरज नाही. ती मी पूर्ण देते, फुकट, काही न राखता.

ब्लॉगवर जातं ते जे ट्विटमध्ये बसतच नाही, म्हणजे 'पण'. बोरिवलीजवळ एक्सरचे वीरगळ घ्या. त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरलीय, वल्ह्यांच्या रांगा, नौका एकमेकींवर चाल करून जाताना. ट्विटरवर लोक ठोकून देतात, 'शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांचं समुद्री युद्ध'. बरेच अभ्यासक तसं मानतात, खरं आहे. पण त्या दगडांवर राजाचं नाव वाचता येत नाही, काळाबद्दल वेगळी मतंही आहेत, आणि ही ओळख कुणी कशावरून ठरवली हे सांगायला मला दोन हजार शब्द लागले. ते दोन हजार शब्द वाचायला ट्विट वाचणाऱ्या शंभरातले दोन येतात. मला ते दोन हवेत. बाकीच्या अठ्ठ्याण्णवांनी वीरगळ पाहिला, पुढच्या वेळी गावातल्या दगडाला शेंदूर फासताना एकदा थांबतील, तेही चांगलंच.

तुमच्या गोंदेश्वराबद्दल : देवळाचं वर्णन मालिकेत संपतं हो. पण तुम्ही गेली वीस वर्षं तिथे बघताय, तिथे कुठल्या महिन्यात ऊन कुठल्या कोपऱ्यात पडतं, पूर्वी कुठे काय होतं, हे फक्त तुम्ही लिहू शकता. ते कुठंय ब्लॉगवर?

*

सिन्नरकर | रविवार, दुपारी ४.०२

नाहीये. पकडलंत.

*

मेलबर्नची माई | रविवार, दुपारी ४.४५

मी साठी ओलांडलेली बाई, ट्विटरवर माझं खातं आहे ते नुसतं बघायला. माझी अडचण कुणी लक्षात घेत नाही. तुम्ही रात्री साडेनऊला जेवणं आटोपून ट्विट टाकता तेव्हा या दिवसांत माझ्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. मी उठेपर्यंत तुमचं ट्विट शंभर भांडणांच्या खाली गाडलेलं. ट्विटरला वाटतं मला तुमच्या दगडांपेक्षा क्रिकेटमधली भांडणं जास्त आवडतात. त्याला कोण सांगणार?

शिळाप्रेमी, तुझा ब्लॉग मला ईमेलने येत होता तो एकदम यायचा थांबला. मला वाटलं तू लिहिणं सोडलंस. दीड वर्षाने बहिणीकडून कळलं की बाई लिहितेच आहे! आता अडगळीतल्यांनी लिहिलं तेव्हा उलगडा झाला, फीडबर्नर. काहीतरी कर गं याचं. आमच्यासारखे पुष्कळ आहेत, दिसत नाहीत एवढंच.

*

शिळाप्रेमी | रविवार, सायंकाळी ५.२०

माई, चूक माझी. तेव्हा मला ती यादी उतरवून घेता येते हे माहीतच नव्हतं. तुमच्यासारखे किती जण तसेच बसून राहिले असतील कोण जाणे, वाचून कसंसंच झालं. व्यनितून ईमेल पाठवा, मी स्वतः पाठवीन. महिन्याला एक पत्र, त्यात त्या महिन्याचे लेख.

*

उंटावरचा शहाणा | रविवार, सायंकाळी ६.१०

बघा! म्हणजे शेवटी गाडी आली कुठे? पोस्टकार्डावर. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो की माणसं मोजू नका, ओळखा.

*

बाइटराव | रविवार, सायंकाळी ६.१५

शहाणे, तुम्ही 'वेठबिगारी' म्हणाला होतात. पण हा मुद्दा घेतो. ताई, हाताने पाठवायला जाऊ नका, पन्नासच्या वर झाले की तुमचं ईमेल कचऱ्यात पडायला लागेल. सबस्टॅक (ईमेलने लेख पाठवायची सेवा) किंवा तसलं काहीतरी वापरा, अट एकच, यादी हवी तेव्हा उतरवून घेता आली पाहिजे. कायप्पाचं चॅनेलही काढा हवं तर, मराठी माणूस तिथेच आहे. पण तिथे तुम्हाला फक्त आकडा दिसतो, माणूस नाही, आणि यादी हातात येत नाही. म्हणजे पुन्हा गूगल रीडरच.

ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉनवर एक सोय चांगली आहे, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना फॉलोअर सोबत नेता येतात. लिहिलेलं मात्र मागेच राहतं. आणि खरं सांगायचं तर तिथे मराठी फार तुरळक. थ्रेड्स आणि ब्लूस्कायवर मी जाऊन आलो, सध्या खुर्ची अडवून ठेवलीय एवढंच.

*

कोकणकडा | रविवार, रात्री ८.३५

दुसऱ्या अडचणीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कायप्पाचोरी. मी ट्रेकवर लिहितो, माझा एक लेख चार वेगवेगळ्या लोकांच्या नावाने फिरतोय. त्यातल्या एकाने तो मलाच पाठवला, खाली 'खूप सुंदर, नक्की वाचा'. मी वाचला. सुंदर होता.

उपाय म्हणाल तर नाव शेवटी लिहू नका, ते पहिलं कापलं जातं. लेखाच्या पोटात घाला. 'हा फोटो मी अमुक वर्षी काढला तेव्हा', 'याबद्दल माझ्या ब्लॉगवर मागे अमुक नावाच्या लेखात लिहिलं होतं'. चोराला मधलं वाक्य काढायचा कंटाळा असतो. लेखाचं नाव सापडलं की एखादा चिकट वाचक शोधत येतो. महिन्याला दोनतीन तरी तसे येतात माझ्याकडे. फोटोवर नाव कोपऱ्यात टाकू नका, कापतात. दगडाच्या अंगावर, फिकट.

*

उंटावरचा शहाणा | रविवार, रात्री ८.५०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

*

नवी_पालवी | सोमवार, सकाळी १०.१०

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. माझा वेगळाच प्रश्न. मी नुकतीच सुरुवात करतेय, विषय आहे खानदेशातले पदार्थ. ब्लॉग आधी काढू की ट्विटर आधी? आणि रोज ट्विट करायला हवं का? मला रोज काही सुचत नाही.

*

शिळाप्रेमी | सोमवार, दुपारी १.१५ (डबा खाता खाता)

पालवी, ब्लॉग आधी. आधी पाच लेख लिहून ठेव, कुणालाही सांगू नकोस. पहिला माणूस येईल तेव्हा घरात बसायला सतरंजी तरी हवी. रोज ट्विट अजिबात नको. मी आठवड्याला दोन-तीन करते, पावसाळ्यात तेवढीही नाहीत, कारण शेवाळ्याने दगड दिसत नाहीत.

रोज करायचंच तर दुसऱ्यांच्या ट्विटखाली लिही. कुणी वांग्याच्या भरताचा फोटो टाकला की तिथे जाऊन सांग की खानदेशात वांगी काटक्यांवर भाजतात. भरीत तिथलं, पाहुणे तुझे. माझे निम्मे वाचक मला दुसऱ्यांच्या अंगणात भेटलेत. आणि वर्षाचं कॅलेंडर समोर ठेव. माझी २७ फेब्रुवारी तसे तुझे सण, कानबाई आणि अक्षय्य तृतीया. त्या दिवशी लोक आपणहून शोधतात, तेव्हा लेख महिनाभर आधी जागेवर असला पाहिजे. त्या दिवशी सकाळी लिहायला बसलीस तर गाडी गेली.

*

अडगळीतला ब्लॉगर | सोमवार, रात्री ९.००

रोममधला, तुमच्या प्रतिसादावर काल रात्रभर विचार केला. मोटेचे भाग लिहायला घेतलेत. सोंदूर, नाडा, चाक, धाव आठवले, पुढचे अडकलेत. तुमच्या आजोबांना विचारा, मोट जिथे रिकामी होते त्या जागेला तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्याकडे थारोळं. या वेळी ब्लॉगवरच टाकणार.

*

रोममधला | सोमवार, रात्री ९.४०

थारोळंच! विचारलं लगेच. आजोबा म्हणाले, 'हा कोण विचारतोय, त्याला घेऊन ये.'

*

अष्टागरकर | मंगळवार, रात्री ११.५५

दोन वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. ताई, तो 'आक्षी! आक्षी! आक्षी!' वाला मुलगा मीच.

तेव्हा बारावीत होतो, जरा जास्तच ओरडलो, सॉरी. तुमच्या लेखामुळे नंतर बाकीचे दोन्ही लेख कुठे आहेत ते कळलं, कुडलला जाऊनपण आलो. एक सांगायचं होतं. तुमच्या लेखात आक्षीच्या दगडाचा जो फोटो आहे त्यात अक्षरं अजिबात दिसत नाहीत, नुसता काळा दगड वाटतो. दगड आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे. रविवारी जाऊन नवीन काढून देऊ का?

*

शिळाप्रेमी | बुधवार, सकाळी ६.३०

दे की! सकाळी आठच्या आत जा, ऊन तिरकं असतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात. समोरून काढू नकोस, बाजूने काढ. दगडावर पाणी, खडू, पावडर काहीही लावायचं नाही. आणि फोटोखाली नाव काय टाकू ते सांग.